लिटल वॉल्टर: माइकच्या आधीचा आवाज

प्रश्न थोडक्यात असा आहे: बरीच वर्षं माउथ ऑर्गनवर हिंदी गाणी वाजवणाऱ्या एका वाचकाला मित्राने लिटल वॉल्टरचं 'ज्यूक' ऐकवलं. हा माणूस कोण होता, त्याला एवढा मोठा का मानतात, आपल्या माउथ ऑर्गनमधून तो सॅक्सोफोनसारखा आवाज का निघत नाही, आणि माइक व अँप (अँप्लिफायर) घेतला तर निघेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण लोकांचे पैसे तिथेच वाया जातात. नुसता माइक घेतल्याने तो आवाज येत नाही. मी शिकवतो तिथे दर थोड्या दिवसांनी कुणीतरी परदेशातून मागवलेला जुन्या घाटाचा माइक घेऊन येतो, तो अँपला जोडतो, आणि मग अँपमधून त्याचाच पातळ आवाज मोठा होऊन ऐकू येतो. वॉल्टरचं घराणं वेगळं पडतं ते माइकच्या आधी, तोंडात आणि कानात. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी वाद्य. आपल्याकडे घरोघरी असतो तो बहुतेक वेळा ट्रेमोलो माउथ ऑर्गन. भोकांच्या दोन ओळी, एकाच सुराला जराशा फरकाने लावलेल्या दोन रीड (हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या), त्यामुळे तो थरथरता, गोड आवाज. सिनेमातले मुरलेले वादक प्रामुख्याने क्रोमॅटिक वाजवत, बाजूला बटण असलेला, ज्यात बाराही स्वर मिळतात. ब्लूज, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, वाजवणाऱ्यांचा माउथ ऑर्गन तिसराच, त्याला ते हार्प म्हणतात: दहा भोकं, वीस रीड, एका पट्टीत बांधलेला, खिशात मावणारा. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेनच्या होनर कंपनीने 1896 मध्ये 'मरीन बँड' नावाने तो बाजारात आणला आणि अमेरिकेच्या दक्षिणेत तो गरिबातल्या गरिबाच्या खिशापर्यंत पोहोचला. बनवणाऱ्यांच्या मनात होत्या जर्मन लोकधुना. त्यासाठी 'सी'चा हार्प 'सी'मध्येच, म्हणजे पांढरी एकमध्ये, मुख्यतः फुंकून वाजवायचा.

दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी तो उलटा धरला म्हणा ना. फुंकण्याऐवजी खेचण्यावर भर दिला आणि पंचमालाच सा मानलं. 'सी'चा हार्प घ्या आणि दुसऱ्या भोकात हवा आत ओढा: पांढरी पाच. हा तुमचा सा. आता इथून वर चढलात की सगळे शुद्ध स्वर आणि नी तेवढा कोमल. म्हणजे आपला खमाज थाट हातात आयता येतो. फरक एवढाच की खालच्या भागात काही स्वर जागेवरच नाहीत. सा दुसऱ्या भोकात आहे, लगेच तिसऱ्या भोकात ग आहे, मधला रे गायब. तो काढायचा तर तिसऱ्या भोकाचा ग ओढता ओढता खाली वाकवायचा: आधी कोमल ग, मग रे, आणि कानाला सवय असेल तर कोमल रेपर्यंत. एका भोकात चार स्वर. याला बेंड म्हणतात. होतं काय, तर त्या भोकात फुंकण्याची आणि ओढण्याची अशा दोन रीड समोरासमोर असतात. जिभेचा मागचा भाग आणि घसा यांनी तोंडातली पोकळी बदलली की दोन्ही रीड मिळून मधला स्वर देतात. तुमच्या ट्रेमोलोत प्रत्येक कप्प्यात एकच रीड असते, म्हणून तिथे असा बेंड होत नाही. तुमचं काही चुकत नाहीये, वाद्यच वेगळं आहे.

आणि ब्लूजमधला ग ना शुद्ध असतो ना कोमल, दोघांच्या मध्ये कुठेतरी हलत असतो. मींड ऐकलेल्या कानाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्या बाबतीत आपण अमेरिकेतल्या बऱ्याच हौशी वादकांपेक्षा सुखी आहोत.

आता माणूस. मॅरियन वॉल्टर जेकब्ज, जन्म लुइझियाना राज्यातल्या मार्क्सव्हिलचा. जन्मतारीख 1 मे 1930 धरतात, पण त्याने स्वतःच निरनिराळ्या कागदांवर निरनिराळी सालं दिली आहेत. बालपण अलेक्झांड्रियाच्या आसपास गेलं. बाराव्या वर्षाच्या आसपास घर सोडलं आणि न्यू ऑर्लीन्स, मेम्फिस, आर्कान्सातलं हेलेना, सेंट लुइस असा भटकत, मिळेल ते काम करत, रस्त्यावर वाजवत राहिला. हेलेना हे त्या काळात हार्प शिकण्याचं ठिकाण होतं, कारण तिथल्या केएफएफए रेडिओवर 1941 पासून राइस मिलर, म्हणजे दुसरा सनी बॉय विल्यमसन, रोज दुपारी वाजवत असे. हनीबॉय एडवर्ड्ससारखे फिरस्ते गिटारवाले त्याला याच वाटेवर भेटले. गुरुकुल म्हणावं तर हेच.

पण त्याचा खरा आदर्श होता पहिला सनी बॉय, जॉन ली विल्यमसन. टेनेसीचा, 1937 पासून ध्वनिमुद्रिका काढणारा. हार्पला बँडच्या मधोमध आणून बसवणारा पहिला मोठा माणूस तोच. 1948 च्या जूनमध्ये शिकागोत रस्त्यावर त्याचा खून झाला. वॉल्टरच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत जॉन लीची छाप कानाला सरळ लागते.

त्याच वेळी वॉल्टर आणखी एकाचं ऐकत होता, आणि माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. लुई जॉर्डन. सॅक्सोफोनवादक, गायक, 1940 च्या दशकातला कृष्णवर्णीयांच्या बाजारपेठेतला सगळ्यात खपाऊ कलाकार. त्याच्या छोट्या बँडमधला सॅक्सोफोन उड्या मारत चालायचा. वॉल्टरने ते तुकडे हार्पवर बसवले. तोवर हार्पवादक गाण्याच्या ओळीला उत्तर द्यायचे, आगगाडी वाजवायचे, कुत्रे भुंकवायचे. वॉल्टर सॅक्सोफोनसारखी लांब वाक्यं बांधू लागला, ज्यात श्वास कुठे घ्यायचा तेही वाक्याचाच भाग असतं. हार्पची गंमत अशी की आत ओढतानाही सूर निघतो, त्यामुळे सॅक्सोफोनवाल्याला जिथे थांबावंच लागतं तिथे याला थांबायची गरज नाही. तरी तो थांबतो. नवशिका हार्पवाला मोकळी जागा दिसली की भरून टाकतो. वॉल्टर ती ड्रमला देऊन टाकतो.

1946 च्या आगेमागे तो शिकागोत आला. मॅक्सवेल स्ट्रीटला रविवारचा बाजार भरायचा. जुने कपडे, भाजी, हत्यारं, काय वाटेल ते. वादक जवळच्या घरातून वायर ओढून वीज घ्यायचे, घरमालकाला थोडे पैसे द्यायचे आणि रस्त्यावरच अँप लावायचे. तिथल्याच एका रेडिओच्या दुकानदाराने, बर्नार्ड एब्रम्सने, 1947 मध्ये 'ओरा नेल' या आपल्या चिमुकल्या लेबलवर वॉल्टरची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. पोरगा तेव्हा विशीतही नव्हता.

लवकरच गिटारवादक जिमी रॉजर्समुळे तो ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्सकडे पोहोचला. मडी 1943 मध्ये मिसिसिपीचा मळा सोडून आलेला, दिवसा नोकरी, रात्री वादन. हे सगळे मिळून दुसऱ्यांच्या क्लबात जायचे, आम्हीही एक-दोन वाजवतो म्हणायचे आणि तिथल्या बँडची छुट्टी करून यायचे. स्वतःला 'हेडहंटर्स' म्हणवून घ्यायचे. चेस या ध्वनिमुद्रिका कंपनीचा लेनर्ड चेस मात्र सुरुवातीला मडीला बँडशिवायच ध्वनिमुद्रित करत होता, कारण मडीची गिटार आणि सोबत फक्त बास हे विकलं जात होतं. 1950 पासून वॉल्टर मडीच्या ध्वनिमुद्रिकांवर येऊ लागला. 'लुइझियाना ब्लूज' ऐका. तिथे माइकची कारागिरी नाही, साधा हार्प, पण मडीचा शब्द संपायच्या आत वॉल्टर त्याच्याखाली शिरतो आणि शब्द संपला की वर येतो. साथसंगत म्हणजे काय हे कुणाला शिकवायचं असेल तर मी हेच ध्वनिमुद्रण लावतो.

क्लबमध्ये अडचण आवाजाची. दोन इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, दारू प्यायलेली गर्दी. यात बोटभर वाद्य ऐकू येणार कसं? वॉल्टरने घोषणेसाठी वापरतात तसला स्वस्त माइक हार्पसोबत ओंजळीत धरला. हे करणारा तो पहिलाच नव्हता. स्नूकी प्रायर हा हार्पवादक सैन्यातून परतल्यावर असंच वाजवत असल्याचं सांगायचा. पण बाकीच्यांना आवाज मोठा हवा होता. वॉल्टरच्या लक्षात आलं की आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा पोतच बदलतो. ओंजळ घट्ट बंद केली की आतल्या एवढ्याशा हवेत दाब प्रचंड वाढतो, टोकदार वरचे स्वर कापले जातात, खालची घनता वाढते, आणि छोट्या अँपच्या व्हॉल्व्हना तो दाब झेपत नाही, ते आवाज फोडू लागतात. ओंजळ जराशी उघडली की पुन्हा धार येते. तो फुटलेपणा तो हवा तेव्हा आणायचा, नको तेव्हा काढायचा.

12 मे 1952 रोजी मडीच्या ध्वनिमुद्रणाच्या सत्रात ही मंडळी त्यांची नेहमीची धून वाजवून मोकळी झाली. क्लबात शेवटी वाजवायचे ती, बिननावाची. मडी आणि जिमी रॉजर्स गिटारवर, एल्गा एडमंड्स ड्रमवर. तिचं नाव पडलं 'ज्यूक'. सुरुवातीच्या चढत्या तुकड्याशी मिळतं काहीतरी प्रायरच्या 1948 च्या एका ध्वनिमुद्रणातही आहे, आणि यावर हार्पवाले अजून भांडतात. मला त्या भांडणात फारसा रस नाही. तो तुकडा पहिल्या काही सेकंदांत संपतो, पुढची अडीच मिनिटं कुणाची आहेत याबद्दल वाद नाही. बारा बारचं आवर्तन (एक बार म्हणजे चार मात्रा), आणि प्रत्येक आवर्तनात नवा विचार: एकात जोडस्वर, एकात दोनच सुरांशी खेळ, एकात ड्रमला चिकटून तोडत जाणं. परत येतो तेव्हा पहिला तुकडा तुम्हाला ओळखीचा वाटतो. आलाप-तान ऐकणाऱ्या माणसाला हा बांधणीचा हिशेब लगेच कळेल.

'ज्यूक' चेसच्या 'चेकर' या उपलेबलवर आली, लेबलवर नाव वॉल्टरचं, आणि 'बिलबोर्ड'च्या रिदम अँड ब्लूज यादीत 8 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. हार्पची शब्दाविना धून त्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाण्याची ती एकमेव वेळ. बँड तेव्हा दक्षिणेच्या दौऱ्यावर होता. बार-बारमध्ये ज्यूकबॉक्समध्ये पैसे टाकून लोक तीच धून वाजवताहेत म्हटल्यावर वॉल्टरने दौरा अर्धवट टाकून शिकागो गाठलं, असं सोबतचे सांगत. मग अदलाबदल झाली: हार्पवादक ज्युनिअर वेल्स त्याच्या जागी मडीकडे गेला आणि वेल्सचा बँड, 'द एसेस', वॉल्टरने घेतला. लुई आणि डेव्ह मायर्स हे गिटारवाले भाऊ, आणि फ्रेड बिलो ड्रमवर. बिलो जॅझ शिकलेला होता. वॉल्टरच्या स्विंगचं, म्हणजे लयीतल्या त्या झुलत्या चालीचं, निम्मं श्रेय मी बिलोला देतो. 'ऑफ द वॉल' हार्पकडे दुर्लक्ष करून फक्त ड्रमसाठी ऐकून बघा.

पुढची सहा वर्षं त्याची. 1952 ते 1958 मध्ये चौदा गाणी पहिल्या दहात. 1955 मध्ये गीतकार विली डिक्सनने एका जुन्या भक्तिगीताच्या चालीवर 'माय बेब' लिहून दिलं, तेही पहिल्या क्रमांकावर पोहोचलं, पाच आठवडे. मडीसारख्या मडीचं एकही गाणं कधी पहिल्या क्रमांकावर गेलं नाही, हे लक्षात घेतलं की त्या काळात वॉल्टर बाजारात कुठे उभा होता ते कळतं. गंमत म्हणजे बँड सोडला तरी चेस त्याला मडीच्या ध्वनिमुद्रणांना बोलावतच राहिला. 1954 च्या 'हूची कूची मॅन'मधला हार्प त्याचाच, आणि त्याच वर्षीच्या 'आय अॅम रेडी'मध्ये तो क्रोमॅटिक वाजवतो.

क्रोमॅटिकचं तुमच्या कामाचं आहे म्हणून थांबतो. वॉल्टर बटण फारसं दाबत नाही. 'सी'च्या क्रोमॅटिकवर तो 'डी'ला, पांढरी दोनला, सा मानतो आणि बराचसा ओढूनच वाजवतो. आपल्या भाषेत काफी थाट. ओठांत चार-पाच भोकं घेऊन मधली जिभेने झाकली की दोन टोकांचे सूर सप्तकाच्या अंतराने एकत्र वाजतात, आणि माइक ओंजळीत असेल तर ते अख्ख्या सॅक्सोफोन विभागासारखे येतात. तुमच्याकडे क्रोमॅटिक असेल तर 'ब्लू लाइट' हे दुसरं ध्वनिमुद्रण घ्या. 1954 चं. त्यात तो मध्येच वाद्य बदलतो, स्टुडिओतला प्रतिध्वनी वाजवण्यात धरतो, आणि हळू लयीत त्याचा दमसास दिसतो.

उतरणीबद्दल कमी बोलतो, कारण त्यावर रंगवून लिहिणारे पुष्कळ आहेत. रॉक अँड रोल आल्यावर तरुण श्रोता तिकडे गेला. दारू होती, तापट डोकं होतं, मारामाऱ्या होत्या. नंतरच्या छायाचित्रांत चेहऱ्यावरचे व्रण दिसतात. 1958 मध्ये ब्लूज गायक बिग बिल ब्रून्झी गेला, त्याच सुमारास वॉल्टरने त्याचं 'की टू द हायवे' केलं आणि ते पहिल्या दहात गेलेलं वॉल्टरचं शेवटचं गाणं. 1964 मध्ये ब्रिटनचा दौरा केला, 1967 मध्ये अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हलसोबत युरोपात गेला. त्या दौऱ्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे: कोको टेलर गाते, हाउंड डॉग टेलर गिटारवर, आणि बाजूला वॉल्टर. लोक ते बघून हळहळतात, की हा तो राहिला नव्हता. मला पटत नाही. जोर कमी झालाय, पण कोकोच्या ओळींच्या मध्ये तो कुठे शिरतो ते बघा. कान शाबूत आहे.

फेब्रुवारी 1968 मध्ये शिकागोत एका मारामारीत त्याला मार लागला आणि 15 तारखेच्या पहाटे झोपेतच तो गेला. सरकारी कागदावर कारण हृदयातली गुठळी. 1930 चा जन्म धरला तर वय 37. एव्हरग्रीन पार्कच्या दफनभूमीतल्या त्याच्या जागेवर 1991 पर्यंत दगडही नव्हता. 2008 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला साथीदारांच्या विभागात घेतलं. मला तो विभागच चुकीचा वाटतो, स्वतःच्या नावावर दोन पहिले क्रमांक असलेल्या माणसाला साथीदार कसं म्हणायचं? पण असो.

त्याच्यानंतर मडीकडे आलेल्या जेम्स कॉटनला बराच काळ वॉल्टरसारखंच वाजवावं लागलं, कारण मडीला तेच हवं होतं. अखेर मी वॉल्टर होणार नाही हे कॉटनने त्याला स्पष्ट सांगितलं, आणि तिथून कॉटन स्वतःच्या आवाजात आला. हे तुम्हालाही सांगतो, पण नक्कल आधी करा. नक्कल न करता स्वतःचा आवाज शोधणारे विद्यार्थी मी पाहिलेत, त्यांना तो सापडत नाही. आणि त्या पिढीशी आपला संबंध इतका दूरचा नाही: ज्युनिअर वेल्सचा वर्षानुवर्षांचा जोडीदार, गिटारवादक बडी गाय, 2011 मध्ये महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत वाजवून गेला.

आता काय करायचं. 'ज्यूक' 'ई'मध्ये, म्हणजे पांढरी तीनमध्ये आहे आणि ती 'ए'च्या हार्पवर वाजवलेली आहे. दहा भोकांचा साधा 'ए' हार्प घ्या, माइक नको. पहिले काही आठवडे फक्त दुसरं भोक ओढायचं. बहुतेकांचा पहिल्यांदा तिथे गळा धरल्यासारखा आवाज येतो आणि हार्प खराब निघाला असं वाटून ते दुकानात परत घेऊन जातात. हार्प ठीक असतो. तोंड आवळलेलं असतं. जबडा खाली सोडा, हार्प ओठांत आणखी आत घ्या, आणि हवा गालांतून न ओढता जांभई देताना जाते तशी पोटापर्यंत जाऊ द्या. सूर मोकळा झाला की तिसऱ्या भोकावर तोंडाचा 'ई' म्हणतानाचा आकार 'ऊ'कडे नेत ग खाली वाकवा, आणि तानपुरा किंवा त्याचं अॅप पांढरी तीनवर लावून रेवर स्थिर उभं राहता येतं का बघा. ओंजळ बंद-उघड हे सगळं माइकशिवाय करा. बंद ओंजळीत आवाज अंधारा व्हायला हवा, होत नसेल तर बोटांत फट आहे. तेवढी फट बुजल्याशिवाय कुठलाही माइक काम करणार नाही.

'ए'चा हार्प दुकानात मिळाला नाही, तर 'सी'चा बहुतेक ठिकाणी असतो. मग ध्वनिमुद्रण अॅपवर तीन अर्धस्वर वर चढवा, वेग निम्मा करा आणि त्याच्यासोबत वाजवा. पहिल्या आवर्तनापुढे लगेच जाऊ नका.